ऑब्जेक्टचं एक्सएमएल करताना नसलेल्या मूल्यांचं काय करायचं? नव्या प्रोग्रामरसाठी पायरीपायरीने

कोल्हापुरात प्रोग्रामिंगच्या नोकरीला नव्याने लागलेल्या पोरापोरींच्या हातात एक्सएमएल, म्हणजे माहिती टॅगांमध्ये गुंडाळून लिहायची पद्धत, लवकरच येतं. राजारामपुरीतल्या एखाद्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत असाल तर दूध संस्थेच्या नोंदी दूध संघाकडे पाठवायच्या असतात. शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्रीचं काम असेल तर बिलं टॅलीत चढवायची असतात, आणि टॅली व्हाउचर एक्सएमएलमधून आत घेते. काम वरवर सरळ दिसतं. फील्डचं नाव तो टॅग, फील्डचं मूल्य तो मधला मजकूर. सगळी फील्ड भरलेली असली तर खरंच सरळ असतं. अडतं ते ज्या फील्डमध्ये मूल्यच नाही तिथं, आणि खऱ्या धंद्यातल्या नोंदींमध्ये अशी फील्ड पावलोपावली असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की मूल्य नसणं हीसुद्धा माहिती आहे. ती लायब्ररीच्या मर्जीवर सोडू नका, स्वतः ठरवून पाठवा. ते कसं करायचं ते पुढे एकाच उदाहरणावर दाखवतो: गावातल्या दूध संस्थेची सकाळची एक नोंद.

<नोंद>
  <सभासद>११४</सभासद>
  <तारीख>२०२५-०६-१२</तारीख>
  <सत्र>सकाळ</सत्र>
  <प्रकार>म्हैस</प्रकार>
  <लिटर>४.५</लिटर>
  <फॅट>६.८</फॅट>
  <एसएनएफ>९.१</एसएनएफ>
  <कपात>०</कपात>
  <शेरा>कॅन बदलला</शेरा>
</नोंद>

टॅगची नावं मराठीत आहेत म्हणून बिचकू नका. एक्सएमएल १.० हे मानक वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने फेब्रुवारी १९९८ मध्ये आणलं तेव्हापासून देवनागरी नावं त्यात चालतात. आकड्यांचं मात्र वेगळं आहे. लेखात मी ते देवनागरीत छापलेत, पण फाइलीत ते रोमनच लागतात, कारण स्कीमाच्या, म्हणजे फाइलीत काय कसं असावं हे ठरवणाऱ्या नियमांच्या, संख्याप्रकारांना फक्त रोमन अंक मान्य आहेत. इथं एक फसवी गोष्ट आहे. पायथन आणि जावाचे दशांश प्रकार देवनागरी अंक वाचताना आनंदाने स्वीकारतात, त्यामुळे तुमच्या संगणकावर सगळं चालतं आणि समोरच्याच्या स्कीमा तपासणीत फाइल नापास होते. संगणकाची भाषा मराठी ठेवली असेल तर नव्या जावामध्ये आकडे छापणारी काही फंक्शनं स्वतःहून देवनागरी अंक बाहेर काढतात, तेही बघून ठेवा.

पायरी १: कोड उघडायच्या आधी वही उघडा

प्रत्येक फील्डसमोर एक प्रश्न लिहा: इथं काही नसेल तर त्याचा अर्थ काय?

एसएनएफचं, म्हणजे दुधातल्या फॅट सोडून बाकीच्या घन घटकांच्या प्रमाणाचं, घेऊ. सकाळी संस्थेत रांग लागलेली असते. सभासद कॅन घेऊन येतो, माप होतं, नमुना काढला जातो, फॅट किती लागली ते सांगितलं जातं आणि नोंद पुढे सरकते. एखाद्या दिवशी तपासणीचं यंत्र अर्धंच चालतं. फॅट मिळते, एसएनएफ मिळत नाही. सचिव ती जागा कोरी सोडतो आणि रांग थांबवत नाही. ही कोरी जागा म्हणते, ‘मोजायचं होतं, मोजता आलं नाही.’

आता प्रोग्राममध्ये त्या कोऱ्या जागेचं शून्य झालं आणि तेच पुढे गेलं, तर काय होईल? दुधाचा दर फॅट आणि एसएनएफ या दोन्हींवर ठरतो. म्हशीच्या दुधाला ६.० फॅट आणि ९.० एसएनएफ, गाईच्या दुधाला ३.५ आणि ८.५ अशी पायाभूत प्रत धरून त्याच्या वर-खाली दर जातो. शून्य एसएनएफचं दूध जगात नसतं, पण दरपत्रक वाचणाऱ्या प्रोग्रामला ते कुठं ठाऊक? तो एक तर सगळ्यात खालचा दर लावतो, नाही तर नोंदच बाद करतो. दोन्हीकडून नुकसान त्या सभासदाचं. दहा दिवसांच्या बिलात पैसे कमी आले की तो संस्थेत येऊन सचिवाशी भांडतो, आणि सचिवाच्या वहीत तर ती जागा कोरीच असते.

बाकीच्या फील्डच्या कोऱ्या जागांचे अर्थ निराळे निघतात. शेरा कोरा असेल तर लिहिण्यासारखं काही नव्हतं, बस. कपात शून्य असेल तर या वेळी पशुखाद्याचे किंवा उचलीचे पैसे कापलेले नाहीत. कपात कोरी असेल तर हिशेब अजून व्हायचा आहे. सभासदाच्या माहितीत मोबाइल नसेल तर त्याने नंबर दिलेला नाही. सत्र, तारीख, लिटर कोरं असेल तर ती नोंद पाठवण्याच्या लायकीचीच नाही.

हे काम प्रोग्रामरने एकट्याने करायचं नसतं. सचिवाला, हिशेबनिसाला विचारा. ‘ही जागा कोरी कधी राहते?’ एवढं विचारलं की ते धडाधड उदाहरणं सांगतात, आणि त्यातली निम्मी तुमच्या ध्यानीमनीही नसतात.

पायरी २: एक्सएमएलमध्ये ‘नाही’ म्हणायच्या तऱ्हा ओळखा

एसएनएफ मिळाला नाही हे चार तऱ्हेने लिहिलेलं तुम्हाला सापडेल.

पहिली तऱ्हा: टॅगच नाही. फॅटनंतर थेट कपात.

  <फॅट>६.८</फॅट>
  <कपात>०</कपात>

दुसरी: टॅग आहे, आत काही नाही.

  <एसएनएफ/>

तिसरी: टॅग आहे, आणि तो मुद्दाम ‘निल’ म्हणून जाहीर केलेला आहे.

  <एसएनएफ एक्सएसआय:निल="ट्रू"/>

चौथी: टॅगमध्ये शून्य, उणे एक, ‘नन’, ‘नल’ (प्रोग्रामिंग भाषांत ‘मूल्य नाही’ यासाठीचे शब्द) असलं काहीतरी भरलेलं.

चौथी तऱ्हा आजच डोक्यातून काढून टाका. ती खोटी माहिती आहे. वाचणाऱ्याला ती खऱ्या मूल्यापासून वेगळी ओळखता येत नाही.

दुसऱ्या तऱ्हेबद्दल नव्या माणसाचे दोन गैरसमज असतात. उघडा-बंद टॅग जोडीने लिहिला काय किंवा एकाच टॅगमध्ये तिरकी रेघ दिली काय, पार्सरला, म्हणजे एक्सएमएल वाचणाऱ्या प्रोग्रामला, दोन्ही सारखेच. त्यात अर्थाचा फरक ठेवू नका. आणि रिकामा टॅग म्हणजे ‘मूल्य नाही’ असं स्कीमा मानत नाही. तो म्हणतो, मूल्य आहे आणि ते शून्य लांबीचं आहे. शेऱ्यासारख्या मजकुराला ते चालतं. एसएनएफसारख्या दशांश संख्येला चालत नाही, कारण रिकामी अक्षरमाळ ही संख्याच नव्हे. तपासणीत फाइल तिथंच पडते. तारखेचंही तसंच.

तिसरी तऱ्हा एक्सएमएल स्कीमाने मे २००१ मध्ये अधिकृत केली. टॅगच्या नावापुढे नाव आणि मूल्य अशी जी जोडी लिहितात तिला अ‍ॅट्रिब्यूट म्हणतात. निल हा अ‍ॅट्रिब्यूट ‘एक्सएमएल स्कीमा इन्स्टन्स’ या नेमस्पेसमधला (नावांच्या ठरावीक गटातला) आहे, म्हणून फाइलीच्या मूळ टॅगवर तो नेमस्पेस जाहीर करावा लागतो. निल आणि ट्रू हे शब्द फाइलीत रोमन लिपीतच लिहायचे. ट्रूच्या जागी एकचा आकडाही कायदेशीर आहे. निल असलेल्या टॅगच्या आत मजकूर किंवा दुसरे टॅग ठेवता येत नाहीत, पण त्याला इतर अ‍ॅट्रिब्यूट असू शकतात, आणि ही सोय फार कामाची आहे:

  <एसएनएफ एक्सएसआय:निल="ट्रू" कारण="यंत्र बंद"/>

स्कीमात ‘कारण’ची तरतूद करून ठेवली की मोजमाप का झालं नाही हेही त्याच जागी नोंदवता येतं. ‘आमच्या नोंदी अर्धवट का?’ असा फोन संघाकडून आला की या एका अ‍ॅट्रिब्यूटने उत्तर मिळतं.

पायरी ३: समोरच्याशी करार करा आणि तो स्कीमात उतरवा

स्कीमा फाइल, म्हणजे आपण जिला एक्सएसडी म्हणतो ती, पाठवणारा आणि घेणारा यांच्यातला करार असतो. नसलेल्या मूल्यांसाठी त्यात दोन कळा आहेत. ‘मिनऑकर्स’ सांगते की टॅग कमीत कमी किती वेळा यायला हवा. ‘निलेबल’ सांगते की आलेला टॅग निल असलेला चालेल का. काहीच लिहिलं नाही तर मिनऑकर्स एक धरली जाते आणि निलेबल बंद. म्हणजे न बोलता टॅग सक्तीचा होतो. अ‍ॅट्रिब्यूटचं याच्या उलट असतं: काही लिहिलं नाही तर तो ऐच्छिक. हा उलटा नियम डोक्यात पक्का बसवा, स्कीमा वाचताना पुष्कळदा याच जागी घोळ होतो.

माझा सल्ला असा. साध्या ऐच्छिक फील्डला मिनऑकर्स शून्य, निलेबल बंद. मूल्य नसेल तर टॅग नाही. फाइल लहान राहते, वाचायला सोपी जाते आणि संदिग्धता उरत नाही. आपला शेरा यात बसतो. कपातही बसते: शून्य असेल तर शून्य लिहायचं, हिशेब व्हायचा असेल तर टॅग गाळायचा.

मिनऑकर्स एक आणि निलेबल चालू, ही जोडी तिथं घ्या जिथं ‘आम्ही विसरलो नाही, मूल्यच मिळालं नाही’ असं ठासून सांगायचं आहे. एसएनएफ यात बसतो. टॅग गायब असला तर घेणाऱ्याला शंका राहते की पाठवणाऱ्या प्रोग्रामची जुनी आवृत्ती आहे की काय. निल असेल तर ती शंका मिटते.

दोन्ही कळा एकदम मोकळ्या, म्हणजे टॅग नसला तरी चालेल आणि निल असला तरी चालेल, असं उगाच करू नका. गायब आणि निल या दोघांचे खरोखर वेगळे अर्थ असतील तरच करा. याचं अस्सल उदाहरण म्हणजे दुरुस्तीचा संदेश. सभासद ११४ ची माहिती बदलायची आहे, संपूर्ण माहिती परत न पाठवता फक्त बदल पाठवायचे आहेत:

<सभासद-बदल क्रमांक="११४">
  <पत्ता>मु. पो. वडणगे, ता. करवीर</पत्ता>
  <मोबाइल एक्सएसआय:निल="ट्रू"/>
</सभासद-बदल>

इथं पत्ता बदलला. मोबाइल निल आहे, म्हणजे नोंदलेला नंबर काढून टाका. नावाचा टॅग आलेलाच नाही, म्हणजे नावाला हात लावू नका. हा फरक ज्या प्रोग्रामला कळत नाही तो दुरुस्तीच्या पहिल्याच फाइलीत शेकडो सभासदांची नावं पुसून टाकू शकतो. दुरुस्तीचे संदेश लिहायला घ्याल त्या दिवशी ही पायरी पुन्हा वाचा.

स्कीमातल्या ‘डिफॉल्ट’ मूल्याबद्दलही सावध राहा. अ‍ॅट्रिब्यूट आलाच नाही तर वाचणाऱ्याला डिफॉल्ट मिळतं. टॅगचं मात्र तसं नाही. टॅगचं डिफॉल्ट फक्त टॅग आलेला असून रिकामा असेल तेव्हा लागू होतं. टॅगच नसेल तर काहीही भरलं जात नाही. कपातीला डिफॉल्ट शून्य देऊन टॅग गाळला तर घेणाऱ्याकडे शून्य पोहोचत नाही. मी स्वतः टॅगला डिफॉल्ट देतच नाही.

आणखी एक. अ‍ॅट्रिब्यूट निल होऊ शकत नाही. तो असतो किंवा नसतो. त्यामुळे ज्या फील्डला कधी तरी निलची गरज पडेल असं वाटतं, ते पहिल्यापासून टॅग म्हणून ठेवा.

पायरी ४: क्लासमध्ये ‘नाही’ला जागा करा

ऑब्जेक्टमध्येच शून्य आणि ‘नाही’ एक झाले असतील तर एक्सएमएल लिहिणारा कोड काहीही करू शकत नाही. जावामध्ये साधा इंट किंवा डबल वापरला की न भरलेलं फील्ड आपोआप शून्य होतं. त्याऐवजी इंटिजर, बिगडेसिमल असे प्रकार घ्या, ते नल राहू शकतात. सी शार्पमध्ये डेसिमलच्या पुढे प्रश्नचिन्ह. रस्टमध्ये ऑप्शन. पायथनमध्ये नन. पैसे आणि लिटर यांच्यासाठी सगळीकडे दशांश प्रकारच घ्या, डबल किंवा फ्लोट नको.

मजकुराच्या फील्डसाठी एक नियम करून टाका: फॉर्ममधून रिकामी अक्षरमाळ आली, किंवा नुसत्या स्पेस आल्या, की ऑब्जेक्टमध्ये जातानाच तिचं नन करायचं. हे दाराशीच केलं की आत पुन्हा पुन्हा तपासावं लागत नाही.

पायरी ५: लिहिणारं फंक्शन एकच ठेवा

पायथनच्या स्वतःच्या एलिमेंटट्री या लायब्ररीवर हे दाखवतो, कारण शिकायला ती सगळ्यात उघडी आहे, आपोआप काहीच करत नाही. टॅग जोडायचं काम जागोजागी लिहू नका, एक छोटं फंक्शन करा. त्याचा सांगाडा मराठीत असा:

  टॅग_जोड (पालक, नाव, मूल्य, धोरण):
    मूल्य नन आहे का?
      धोरण ‘गाळ’ असेल तर काही न करता परत
      धोरण ‘निल’ असेल तर टॅग कर, निल ट्रू लाव, परत
      धोरण ‘सक्ती’ असेल तर फील्डच्या नावासह एरर दे
    नाही तर टॅग कर, मूल्याचा मजकूर करून आत टाक

पायरी एकमध्ये वहीत लिहिलेलं प्रत्येक उत्तर इथं ‘गाळ’, ‘निल’ किंवा ‘सक्ती’ या तिघांपैकी एक होतं. सहा महिन्यांनी कुणी विचारलं की एसएनएफ निल का जातो, तर एका ओळीवर बोट ठेवता येतं.

पहिल्या ओळीतला प्रश्न नीट वाचा: मूल्य नन आहे का? तिथं ‘मूल्य असेल तर’ एवढंच लिहायचा मोह होतो, कारण पायथनमध्ये ते छोटं आणि सुबक दिसतं. पण पायथन शून्यालाही ‘नाही’ समजतो. कपात शून्य असलेली प्रत्येक नोंद कपातीच्या टॅगविना जाईल, आणि आपल्या करारानुसार त्याचा अर्थ होईल, हिशेब अजून व्हायचा आहे. महिनाअखेरीला संघ आणि संस्था यांचा मेळ बसणार नाही आणि कुठली नोंद चुकली ते शोधायला रात्र जाईल. म्हणून तुलना नेमकी ननशीच करायची.

मजकूर करतानाही जपा. ननला थेट अक्षरमाळेत बदललं तर ‘नन’ हा शब्दच रोमन अक्षरांत टॅगच्या आत जाऊन बसतो. शेऱ्याच्या रकान्यात हा शब्द छापलेली बिलं लोकांच्या हाती पडतात ती यामुळेच. टॅगच्या मजकुराच्या जागी ननच ठेवला तर एलिमेंटट्री बिनबोभाट रिकामा टॅग लिहिते, म्हणजे आपली दुसरी तऱ्हा. अ‍ॅट्रिब्यूटमध्ये नन दिला तर मात्र लिहिताना सरळ एरर देते, आणि ते बरंच आहे. हो-नाही प्रकारचं फील्ड असेल तर पायथनचे ट्रू आणि फॉल्स मोठ्या अक्षराने सुरू होतात, स्कीमाला लहान अक्षरं लागतात. ते बदलून द्या.

टॅगचा क्रम स्कीमातल्या ‘सीक्वेन्स’प्रमाणेच ठेवा. मधला ऐच्छिक टॅग गाळला तरी बाकीच्यांचा क्रम मोडत नाही, पण एसएनएफ शेवटी आठवला म्हणून शेऱ्यानंतर चिकटवला तर फाइल नापास.

पायरी ६: तयार लायब्ररी वापरताना तिची सवय आधी बघा

कामाच्या ठिकाणी बहुधा अशी लायब्ररी असेल जी पूर्ण ऑब्जेक्ट घेऊन एक्सएमएल काढून देते. प्रत्येकीची ननशी वागायची तऱ्हा निराळी.

जावामधली जॅक्सबी नल असलेलं फील्ड गाळते. एलिमेंटच्या अ‍ॅनोटेशनमध्ये निलेबल चालू केलं की तेच फील्ड निल होऊन जातं. स्कीमातून क्लास तयार करून घेतले आणि एखादा टॅग ऐच्छिकही आहे आणि निलेबलही, तर साध्या प्रकाराऐवजी ‘जॅक्सबी-एलिमेंट’ असं वेष्टण आलेलं दिसेल. नवी मुलं ते बघून वैतागतात, पण त्याला कारण आहे: वेष्टणच नल असेल तर टॅग गायब, वेष्टण आहे पण निल असेल तर निल, नाही तर मूल्य. तीन अवस्था साध्या प्रकारात मावत नाहीत. जावा ११ पासून, म्हणजे २०१८ पासून, जॅक्सबी जेडीकेसोबत (जावाच्या मूळ संचासोबत) येत नाही, वेगळी जोडावी लागते आणि नव्या आवृत्त्यांत तिचं पॅकेज जकार्ता नावाखाली आहे. जुन्या लेखातला कोड चालला नाही तर आधी ते बघा.

जावाचा ‘ऑप्शनल’ (जावा ८ पासूनचा) फील्डचा प्रकार म्हणून वापरू नका, जॅक्सबीला तो कळत नाही. फील्ड साधं ठेवा, अ‍ॅनोटेशन फील्डवर लावा, आणि गेटरमधून हवं तर ऑप्शनल परत द्या. बाकीच्या कोडला ऑप्शनलची सुरक्षितता मिळते, एक्सएमएल स्वच्छ राहतं.

जॅक्सन या जावाच्याच दुसऱ्या लायब्ररीचं एक्सएमएल मॉड्यूल, तिच्या २.x आवृत्त्यांमध्ये, नल असलं तर रिकामा टॅग लिहितं. आपल्या एसएनएफला हे घातक. ‘नॉन-नल’ ही सेटिंग लावली की ते गाळतं. जवळच ‘नॉन-एम्प्टी’ नावाची सेटिंग आहे. ती रिकाम्या याद्या आणि रिकामा मजकूरही गाळते, तेव्हा तुम्हाला तेच हवं आहे का ते ठरवून मगच लावा. निल लिहायची सोय आवृत्ती २.१० पासून आहे, पण त्या मालिकेत मुळात बंद असते.

सी शार्पच्या एक्सएमएल-सिरियलायझरमध्ये एकाच क्लासमधली दोन फील्ड दोन तऱ्हेने वागतात. शेरा हा स्ट्रिंग नल असेल तर टॅग गळतो. एसएनएफ हा प्रश्नचिन्हवाला डेसिमल नल असेल तर निल जातो. गाळायचाच असेल तर फील्डच्या नावाला ‘स्पेसिफाइड’ हा शब्द जोडलेली हो-नाही प्रॉपर्टी ठेवतात, किंवा ‘शुडसिरियलाइझ’ने सुरू होणारं फंक्शन लिहितात, नाव अचूक जुळलं की सिरियलायझर ते आपोआप बघतो. आणि फील्डवर डिफॉल्ट-व्हॅल्यू हे (एक्सएमएलचं नव्हे, सी शार्पचं) अ‍ॅट्रिब्यूट लावलं तर त्या मूल्याइतकंच मूल्य असलेला टॅग तो लिहीतच नाही. कपातीवर डिफॉल्ट शून्य लावलात तर शून्य कपात गायब झालीच म्हणून समजा.

रस्टमध्ये सर्डे या लायब्ररीसोबत काम करताना ऑप्शनच्या प्रत्येक फील्डवर ‘नन असेल तर वगळ’ अशी सूचना द्यावी लागते. नाही दिली तर क्विक-एक्सएमएल रिकामा टॅग लिहितं.

दुसरी कुठली लायब्ररी असेल तर पाच मिनिटांचा प्रयोग करा. एक मजकूर, एक संख्या, एक तारीख, एक यादी असलेला क्लास घ्या, सगळं नल ठेवा, फाइल काढा आणि डोळ्यांनी बघा. तेच सगळं रिकामं आणि शून्य ठेवून पुन्हा. दोन्ही फाइली शेजारी शेजारी ठेवल्या की दस्तऐवज न वाचता कळतं.

पायरी ७: वाचताना तेवढीच काळजी

पाठवणारा आज तुम्ही आहात, उद्या संघाकडून आलेली फाइल तुम्हालाच वाचायची आहे. एलिमेंटट्रीमधलं ‘फाइंडटेक्स्ट’ टॅग नसेल तर नन देतं आणि टॅग असून रिकामा असेल तर रिकामी अक्षरमाळ देतं. गायब आणि रिकामं वेगळं ओळखायला ते पुरतं. ‘फाइंड’ करून लगेच त्याचा मजकूर मागितला तर टॅग गायब असताना प्रोग्राम कोसळतो.

फाइंडमधून मिळालेल्या टॅगवर नुसतं ‘असेल तर’ लावू नका. एलिमेंटट्रीमध्ये ज्या टॅगच्या पोटात दुसरे टॅग नाहीत तो ‘नाही’ ठरतो, मजकुराने भरलेला असला तरी. फॅट ६.८ समोर असून प्रोग्राम म्हणतो फॅट नाही. पायथन ३.१२ पासून याबद्दल इशारा येतो. इथंही तुलना ननशी.

निल तपासताना ‘एक्सएसआय’ हा उपसर्ग शोधू नका. उपसर्ग पाठवणाऱ्याच्या मर्जीचा असतो, नेमस्पेस खरा. आणि मूल्य ट्रू किंवा एक, दोन्ही स्वीकारा.

फाइल सुबक दिसावी म्हणून ओळी पाडल्या असतील तर रिकाम्या टॅगच्या आत नवी ओळ आणि स्पेस येऊ शकतात. संख्या आणि तारखा वाचण्याआधी कडेचा मोकळा भाग छाटा, आणि छाटून काही उरलं नाही तर नन समजायचं की नोंद नाकारायची ते कराराप्रमाणे ठरवा. मी स्वतः नाकारतो आणि सभासद क्रमांकासह कळवतो. पैशाच्या नोंदीत अंदाज नको.

पायरी ८: याद्या

कपाती एकाहून जास्त असतील तर त्यांची यादी होते आणि तोच प्रश्न एका पातळीवर वर जातो. बाहेर वेष्टणाचा टॅग ठेवला तर <कपाती/> म्हणजे तपासलं, एकही कपात नाही. टॅग गायब म्हणजे हिशेब व्हायचा आहे. जॅक्सबी आणि सी शार्पचा सिरियलायझर, दोघेही वेष्टण असताना नल यादी गाळतात आणि रिकामी यादी रिकामा टॅग म्हणून लिहितात. वेष्टणाशिवाय नुसते <कपात> टॅग ओळीने दिले तर हा फरक सांगायला जागाच उरत नाही. फरक महत्त्वाचा असेल तर वेष्टण घ्या.

पायरी ९: पाठवण्याआधीची तपासणी

प्रत्येक ऐच्छिक फील्डसाठी चार नोंदी तयार करा: भरलेली, नन, रिकामी, शून्य. ऑब्जेक्टपासून एक्सएमएल, एक्सएमएलपासून पुन्हा ऑब्जेक्ट असा फेरा मारा आणि निघालेला ऑब्जेक्ट मूळ ऑब्जेक्टशी ताडून बघा. शून्याचं नन झालं किंवा ननचं रिकामं झालं तर इथंच दिसतं. शिवाय प्रत्येक फाइल स्कीमावर तपासा. पायथनच्या एलिमेंटट्रीत ती सोय नाही, त्यासाठी एलएक्सएमएल लागते. फेरा जमला पण स्कीमात नापास, किंवा स्कीमात पास पण फेऱ्यात गळती, असं दोन्ही होऊ शकतं, म्हणून दोन्ही तपासण्या ठेवा.

नंतर घेणाऱ्याकडच्या माणसाला खरी नमुना फाइल पाठवा. त्यात मुद्दाम एक निल एसएनएफ, एक गाळलेला शेरा आणि एक शून्य कपात असू द्या. ‘फाइल चढली का?’ असं विचारू नका, चढली एवढंच उत्तर येईल. विचारा, ‘सभासद ११४ चा एसएनएफ तुमच्या स्क्रीनवर काय दिसतोय? कपात काय दिसतेय?’ तिकडून ‘एसएनएफ शून्य दाखवतंय’ असं आलं तर तुमची फाइल बरोबर असूनही त्यांचा वाचणारा कोड निल ओळखत नाही, आणि करारातली ती ओळ त्यांच्यासोबत बसून पुन्हा वाचायला हवी. पहिलं दहा दिवसांचं बिल निघायच्या आधी.